क्लिअर अलाइनर: कोणता दात ऐकतो, कोणता ऐकत नाही

क्लिअर अलाइनर म्हणजे दातांवर चढवायचे पारदर्शक प्लॅस्टिकचे ट्रे. एकामागून एक ट्रे बदलत दात सरळ करायचे. स्कॅन झाला की दवाखान्यातल्या पडद्यावर आपलेच वेडेवाकडे दात अर्ध्या मिनिटात एका ओळीत येताना दिसतात. बेळगाव असो, निपाणी असो की खानापूर, बहुतेकांचा होकार तिथेच ठरतो. पण शेवटी दिसणारी ती सुबक बत्तीशी म्हणजे ट्रे कसे घडवायचे याचा आराखडा आहे. दात तिथपर्यंत पोचतीलच याची हमी त्यात नाही.

किती पोचतात, हे मोजलं गेलं आहे. इनव्हिजलाइन हा अलाइनरचा ब्रँड 1999 पासून बाजारात आहे. 2009 मध्ये क्रॅविट्झ हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समोरच्या दातांचा हिशेब मांडला, तेव्हा ठरवलेल्या हालचालीपैकी सरासरी 41 टक्केच प्रत्यक्षात उतरली होती. 2013 मध्ये कंपनीने ट्रेचं प्लॅस्टिक बदललं. त्यानंतर 2020 मध्ये पुन्हा मोजमाप प्रसिद्ध झालं आणि सरासरी 50 टक्के निघाली. हे आकडे ट्रेच्या पहिल्या संचानंतरचे आहेत, उपचार संपल्यानंतरचे नव्हेत. आराखड्यात एखादा दात 20 अंश फिरवायचा असेल, तर सरासरीच्या हिशेबाने पहिल्या संचात साधारण 10 अंश पदरात पडतात. उरलेल्यासाठी पुन्हा स्कॅन करून नवा संच मागवावा लागतो. दवाखान्यात याला ‘रिफाइनमेंट’ म्हणतात. ती करावी लागली म्हणजे डॉक्टरांचं काही चुकलं असं समजू नका. बहुतेक पेशंटना ती लागतेच, म्हणून वेळेचा आणि पैशांचा हिशेब सुरुवातीपासून दोन फेऱ्यांचा धरा.

मात्र सरासरीवरून आपल्या तोंडाचा अंदाज बांधू नये. एकाच जबड्यात एक दात मुकाट्याने ऐकतो आणि शेजारचा अजिबात दाद देत नाही. कारण प्लॅस्टिकमध्ये आहे. ट्रे दाताला चिकटलेला नसतो, तो फक्त त्याच्यावर बसतो आणि ढकलतो. प्रत्येक ट्रे आधीच्यापेक्षा दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवेल किंवा दोनेक अंश फिरवेल असा घडवलेला असतो. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामधला पडदा जेमतेम 0.2 मिलिमीटरच्या आसपास जाड असतो, म्हणून पाऊल इतकं लहान. तोंडातल्या उबेने आणि लाळेने प्लॅस्टिकचा ताण पहिल्या एक-दोन दिवसांतच बराच सैलावतो. ढकलायला नीट सपाट जागा मिळाली तर तेवढ्यात काम होतं, नाहीतर ट्रे दातावरून निसटतो.

त्यामुळे पटाशीचे दात आत-बाहेर झुकवणं, समोरच्या फटी मिटवणं, थोडीशी गर्दी सोडवणं ही कामं भरवशाची. लहानपणी तारा लावल्या, नंतर रिटेनर (सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारा साचा) सोडून दिला आणि दात पुन्हा थोडे सरकले, अशांसाठी अलाइनर फार चांगला. वरच्या दाढा थोड्या मागे ढकलण्यातही तो चांगला ठरतो. 2014 च्या एका अभ्यासात या हालचालीची अचूकता 87 टक्के आली होती. पेशंट मोजकेच होते, त्यामुळे आकडा जपून वापरावा, पण दवाखान्यांतला अनुभवही त्याच बाजूचा आहे.

आता न ऐकणारे दात. पहिला सुळा आणि त्याच्या जोडीला खालची उपदाढ. दोन्हींचा घेर गोलसर, पकडायला कोपराच नाही. गोल बाटलीचं झाकण ओल्या हाताने फिरवून बघा, तसंच ट्रेचं होतं. 2020 च्या मोजमापात वरचा सुळा मागच्या बाजूला फिरवण्याची अचूकता 37 टक्के होती, आणि खालची पहिली दाढही तशीच हट्टी, ती पुढच्या बाजूला फिरवण्याची अचूकता 28 टक्के. दुसरी अवघड गोष्ट म्हणजे आखूड दिसणारा दात खाली ओढून घेणं. वरचा पटाशीचा दात टोकाकडे निमुळता, त्यामुळे ओढताना ट्रेच घसरतो. 2009 च्या अभ्यासात सगळ्यांत कमी, जेमतेम 30 टक्के, अचूकता याच हालचालीची होती. तिसरी, वरचे दात खालच्यांना पार झाकून टाकतात तो डीप बाइट. इथे पटाशीचे दात हाडात आत दाबावे लागतात. पडद्यावर हे फार सोपं दिसतं, प्रत्यक्षात आकडा 33 टक्क्यांच्या आसपास राहिला. अनुभवी ऑर्थोडॉन्टिस्ट (दात सरळ करणारे तज्ज्ञ) म्हणूनच आराखड्यात गरजेपेक्षा जास्त हालचाल मुद्दाम मागतात. पडद्यावर शेवटी दात थोडे उघडे किंवा जरा जास्तच फिरलेले दिसले, तर घाबरू नका. तसं का केलंय ते विचारा. नीट उत्तर आलं, तर डॉक्टर जाणकार आहेत असं समजायला हरकत नाही.

निसटणाऱ्या दाताला मूठ म्हणून दातावर दाताच्याच रंगाच्या कॉम्पोझिटचे छोटे उंचवटे बसवतात, ते अटॅचमेंट. ‘आमच्याकडे अटॅचमेंट लागत नाही’ अशी जाहिरात दिसली आणि आपला सुळा फिरवायचा असला, तर तिथून निघून जावं हे बरं. बसवण्याआधी दात नीट कोरडा झाला नाही की हे उंचवटे आठवड्याभरात गळतात. सिरॅमिकच्या कॅपवर ते तसेही कमी टिकतात. एखादा पडला की तो दात तिथून पुढे मागे राहतो, त्यामुळे पुढच्या तपासणीची वाट न बघता लगेच फोन करावा. इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेला कृत्रिम दात, असेल तर तो मुळीच हलणार नाही, आराखड्यात तो खुंट्यासारखा जागच्या जागी धरावा लागतो.

गर्दी सोडवायला जागा हवी. ती मिळवायला दोन दातांच्या मधलं इनॅमल बारीक पट्टीने घासतात, एका फटीत साधारण 0.2 ते 0.5 मिलिमीटर. ऐकून अंगावर काटा येतो, पण मापात केलं तर धोका नसतो. ठरलेलं घासणं झालंच नाही, तर दातांना जायला वाटच राहत नाही आणि तिसऱ्या-चौथ्या ट्रेपासून सगळं अडतं. कोणत्या ट्रेच्या आधी कुठे किती घासायचं, हे आराखड्यात लिहिलेलं असतं. ते पान मागून घ्या.

चार उपदाढा काढून पुढे आलेले दात मागे घ्यायचे असतील, तर आमचं मत स्पष्ट आहे: तारा लावा. अलाइनरने रिकाम्या जागेकडे दात मुळासकट सरकण्याऐवजी तिरके पडतात, दाढा पुढे कलंडतात आणि मधला भाग उघडा राहतो. हे काम अलाइनरने करणारे निष्णात हात आहेत, पण सांभाळायला कष्ट आणि वेळ दोन्ही जास्त लागतात.

पेशंटच्या हातात काय आहे? तास. दिवसाला 22 तास म्हणजे जेवण, चहा, दात घासणं या सगळ्याला मिळून दोन तास. दोन वेळचं जेवण आणि न्याहारी यातच दीड तास जातो. मग दिवसातले चार चहा बसवायचे कुठे? आपल्याकडे खरी अडचण हीच. ट्रे घालून गरम चहा प्यायला तर प्लॅस्टिक वाकतं, आणि साखर ट्रेखाली अडकून राहते. ती धुवायला लाळ पोचत नाही, त्यामुळे दात किडतो. चहा दोनवर आणा, तो जेवणाच्या वेळेलाच घ्या, आणि कुंदा, करदंट असे चिकट पदार्थ खाल्ल्यावर ब्रश केल्याशिवाय ट्रे चढवू नका. ट्रे धुताना थंड पाणी आणि मऊ ब्रश, गरम पाणी कधीच नाही. हळदीने ट्रे आणि अटॅचमेंट पिवळे पडतात, तंबाखूने काळपट. ज्यांना तंबाखू सुटत नाही, त्यांनी आधी हिरड्यांची तपासणी करावी. सैल हिरड्यांवर दात सरकवले तर ते हलायला लागतात.

ट्रे नीट बसला की नाही, हे आरशात कळतं. दाताचं टोक आणि प्लॅस्टिक यांच्यात पोकळी दिसली तर तो दात मागे पडला आहे. ‘च्युई’ म्हणतात ती मऊ नळी दिवसातून दोन-तीन वेळा पाच-दहा मिनिटं त्याच जागी चावायची. तरीही पोकळी राहिली तर नवा ट्रे चढवू नका, चालू ट्रे आणखी काही दिवस ठेवा आणि फोन करा. पोकळीसकट पुढे पुढे जात राहिलं तर दहाव्या ट्रेपर्यंत तो दात आणि आराखडा यांची कायमची फारकत झालेली असते. एखादा ट्रे हरवला आणि त्याचे बहुतेक दिवस झाले असतील, तर डॉक्टरांना विचारून पुढचा लावतात. नुकताच सुरू केलेला असेल तर आधीचा. म्हणूनच आधीचा ट्रे टाकून द्यायचा नाही.

दवाखाना निवडताना ब्रँडपेक्षा आराखडा कोण बघतं, याला महत्त्व द्या. पहिला आराखडा कंपनीचा तंत्रज्ञ करतो. तो तसाच मंजूर करणारे आणि चार वेळा दुरुस्त करून मागवणारे, यांच्या निकालांत मोठं अंतर पडतं. एमडीएस ऑर्थोडॉन्टिक्स, म्हणजे याच विषयातली पदव्युत्तर पदवी, झालेले डॉक्टर बेळगावात मिळतात, आणि केएलई व मराठा मंडळ अशी दोन दंत महाविद्यालयंही शहरात आहेत. तारांशी तुलना करून दुसरं मत घ्यायला तिथे जाता येतं. एक्स-रे न काढता, हिरड्या न तपासता, घरीच माप घेऊन ट्रे पाठवणाऱ्यांपासून लांब राहा. अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब ही त्या पद्धतीची मोठी कंपनी डिसेंबर 2023 मध्ये बंद पडली आणि अर्ध्या उपचारातले पेशंट वाऱ्यावर राहिले.

आपल्या भागातल्या तरुणांसाठी एक प्रश्न फार महत्त्वाचा. उपचार इथे सुरू होतो आणि नोकरी लागते पुण्याला नाहीतर बेंगळुरूला. त्याच ब्रँडचं काम करणाऱ्या तिथल्या डॉक्टरकडे केस सोपवता येते का, आणि त्याचे वेगळे पैसे पडतात का, हे पहिल्याच दिवशी विचारा. रिफाइनमेंट किती वेळा धरलंय आणि रिटेनर रकमेत आहे का, हेही पावतीवर लिहून घ्या. संमतीपत्र इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असेल तर सही करण्याआधी मराठीत समजावून मागा, त्यात संकोच नको.

रिटेनरबद्दल डॉक्टर शेवटी घाईने दोन वाक्यं बोलतात, पण तो भाग लांबचा आहे. फिरवलेला सुळा सगळ्यांत आधी मागे फिरतो, कारण हिरडीतले ताणलेले तंतू त्याला जुन्या जागी खेचत राहतात. पहिले काही महिने रिटेनर दिवसभर, नंतर रोज रात्री. खालच्या समोरच्या दातांना आतून बारीक तार चिकटवून घेतली तर अधिक बरं, फक्त दर सहा महिन्यांनी तिचा एखादा टाका सुटलाय का ते तपासून घ्यावं. एक रात्र रिटेनर चुकला आणि दुसऱ्या रात्री तो घट्ट लागला, तर दात अजून स्थिरावलेले नाहीत. तो पुन्हा सहज बसेपर्यंत सलग लावा, आणि बसतच नसेल तर जोर न करता त्याच आठवड्यात दवाखाना गाठा.