जेलो ॲप : नातवासोबतचे दहा महिने

माझा नातू सहा वर्षांचा आहे. ऑटिझम आहे, तोंडाने शब्द येत नाहीत. ऐकतो सगळं, समजतंही बरंच. मुलगा-सून नोकरीवर, म्हणून दिवसभर तो आमच्या दोघांजवळ असतो. नागपुरात मानेवाड्याहून धरमपेठेत थेरपीला मीच नेतो, आठवड्यातून तीनदा, बसने. तिथल्या मॅडमनी जेलो हे चित्रं दाबून बोलायचं ॲप सांगितलं.

आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन शिकवणाऱ्या विभागात ते तयार झालं. फुकट आहे आणि मराठीत बोलतं. पहिल्या पानावर नऊ चित्रं : खाणं, मजा, माणसं, जागा, मदत वगैरे. दोन्ही कडांना मिळून सहा बटणं : आवडतं, आवडत नाही, हवं, नको, जास्त, कमी. चित्र दाबून कडेचं बटण दाबलं की अख्खं वाक्य ऐकू येतं.

पहिला महिना मी वाया घालवला. त्याला समोर बसवायचो आणि विचारायचो, "पाणी कुठे आहे, दाखव." तो टॅब ढकलून द्यायचा. मॅडम म्हणाल्या, "आबा, त्याची परीक्षा घेऊ नका. त्यावर तुम्हीच बोला." बोलणारं लेकरू वर्षभर घरच्यांचं ऐकतं, मग पहिला शब्द काढतं. चित्रांनी बोलणारं माणूस तर याने कधी पाहिलंच नव्हतं. मग आम्ही सुरू केलं. मला चहा हवा असला की मी दाबून मागायचो. पोळ्या लाटता लाटता त्याची आजी पिठाच्या बोटाने "जास्त" दाबायची. तीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो, दिवसभर बोलायचंच काम. पण एकेक शब्द दाबून, थांबून, त्याच्या नजरेची वाट पाहत बोलणं मला इथेच शिकावं लागलं. सात आठवडे त्याने एकही बटण दाबलं नाही. फक्त पाहत राहिला.

मग मे महिना आला. दुपारी कूलर लावला की तो कान दाबून रडायचा. मागच्या उन्हाळ्यातही तसंच. पारा ४४ च्या वर, आम्हाला वाटे ऊन सोसत नाही, म्हणून आम्ही कूलर आणखी वाढवायचो. त्या दिवशीही रडून राहिला होता. रडतारडताच टॅब घेऊन आला, "नको" दाबलं आणि माझा हात धरून मला कूलरपाशी नेलं. मी बटण बंद केलं. तो गप्प झाला. घामाने निथळत आम्ही तिघं पंख्याखाली बसलो. आजी म्हणाली, "दोन उन्हाळे आपण काहून नाही समजलो याला?" आणि तिला रडू आवरेना. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक बोलावून घरघरणारा पंप बदलला आणि कूलर बाजूच्या खोलीच्या खिडकीत हलवला.

"मशीन दिलं तर पोरगा कधीच बोलणार नाही," असं नातेवाईक म्हणतात. ॲप मिळण्याआधी एका ठिकाणी "मुलगे उशिरा बोलतात, थांबा" असं सांगितलं होतं. त्या थांबण्यात दीड वर्ष गेलं, ते मला आजही खुपतं. मॅडमनी २००६ सालच्या संशोधनाच्या एका आढाव्याबद्दल सांगितलं : ठोस पुरावा असलेल्या २७ जणांपैकी अशा साधनांमुळे एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं, बहुतेकांचं वाढलंच होतं. आमचा अजून शब्द काढत नाही, पण "जास्त" दाबताना आता ओठ मिटून "म्म" करतो.

वापरणाऱ्यांसाठी : अँड्रॉइडवर आधी गुगलचा मराठी आवाज उतरवून घ्या. फोनमधलं स्क्रीन पिन, म्हणजे एकच ॲप उघडं ठेवायची सोय, सुरू ठेवा, नाहीतर मूल दोन मिनिटांत व्हिडिओंवर जातं. बसच्या गोंगाटात आमच्या टॅबचा आवाज पुरत नव्हता, म्हणून छोटा स्पीकर गळ्यात अडकवला. बॅटरी संपली तरी बोलणं थांबू नये, म्हणून आजी, डबा, आपली बस, कूलर यांचे फोटो लॅमिनेट करून एका रिंगमध्ये ओवलेत. ती रिंग त्याच्या पिशवीला असते.

गेल्या रविवारी त्याला सीताबर्डीहून मेट्रोने खापरीला नेलं. शेवटचं स्टेशन आलं, मी उठलो. त्याने माझा शर्ट ओढला आणि "जास्त" दाबलं. मग त्याच मेट्रो मार्गाने उलट, थेट ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत गेलो.