गेटसमोरचं थिसिस सेंटर: बाइंडिंगला पाच स्टार, रिपोर्टला दोन

युनिव्हर्सिटीच्या मागच्या गेटसमोर रसवंतीला लागून जे थिसिस सेंटर आहे ना, त्याचा हा रिव्ह्यू. नाव टाकत नाही, पीएचडीवाले सगळे ओळखतात. झेरॉक्स, स्पायरल, सोनेरी अक्षरांचं हार्ड बाइंडिंग आणि तीनशे रुपयात प्लॅजरिझम रिपोर्ट (मजकूर दुसरीकडून किती टक्के उचललाय ते मशीनने मोजून देतात तो, जुळलेलं लाल दिसतं). बाइंडिंग एक नंबर, आमच्या सीनियरची थिसिस पाच वर्षं झाली तरी पाठीतून सुटलेली नाही. काउंटरवर काका एकटे, गर्दी असली की चिडतात पण काम चोख.

मी गेले होते ते मात्र वेगळ्याच कामाला. माझा पीएचडीचा विषय ऊसतोड कामगारांची उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे. सगळे कामगारांना प्रश्नावली देऊन आकडे काढतात, मी म्हटलं मुकादमाची (मजूर गोळा करून त्यांना उचल देणाऱ्याची) वहीच वाचायची, कुठल्या कोयत्याला (म्हणजे नवराबायकोच्या जोडीला) किती दिले, किती फिटले, मागच्या हंगामाची किती बाकी पुढे ओढली, सगळं त्यात असतं. सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) दिला, प्रेझेंटेशन झालं, कमिटीतल्या एका सरांनी दोनदा विचारलं की मुकादम वह्या देतात का हो, आणि नंतर मेलवर पीपीटी मागून घेतली. मी पण लगेच पाठवली, खूश होऊन. दीड वर्षाने सरांचा पेपर आला, वही तीच, जिल्हे तेच, फक्त वहीचं लेजर झालेलं. आता त्यांना आधीच सुचलं असेल असंही कुणी म्हणेल, पण मग तो प्रश्न दोनदा का विचारला?

तर काकांना म्हटलं माझा सिनॉप्सिस आणि हा पेपर समोरासमोर लावून रिपोर्ट काढा. वीस मिनिटात आला. ४ टक्के. त्यात लाल काय तर बीड, अहमदनगर, उस्मानाबाद ही जिल्ह्यांची नावं, महाराष्ट्र शासनाच्या एका खात्याचं लांबलचक नाव आणि संदर्भसूचीतल्या चार ओळी. काका एकदम खूश, "ताई टेन्शन कशाला घेता, दहाच्या आत आहे, पास!" अहो काका, मला लाल पाहिजे होतं!

यात काकांची चूक नाही म्हणा. यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) २०१८ चा नियम घरी जाऊन नीट वाचला, प्लॅजरिझमच्या व्याख्येत दुसऱ्याचं काम "किंवा कल्पना" आपली म्हणून खपवणं असं स्पष्ट आहे. पण पुढे शिक्षेचं सगळं कोष्टक टक्क्यांवर. विद्यार्थ्याच्या थिसिसला १० पर्यंत काही नाही, १० ते ४० आलं तर सहा महिन्यांच्या आत सुधारून परत द्या, ४० ते ६० तर वर्षभर सबमिशन बंद, ६० च्या वर रजिस्ट्रेशनच रद्द. कल्पना किती टक्के चोरली हे कुठलं मशीन मोजणार. कोर्टात जावं तर तिथेही तेच, आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात १९७८ मध्येच सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो. म्हणजे वाक्यं उचलणारा नवखा पोरगा सापडतो आणि जो मुरलेला आहे, स्वतःच्या इंग्रजीत लिहू शकतो, तो बिनधास्त.

तक्रार केली तर आधी डिपार्टमेंटचं पॅनल, ४५ दिवसात रिपोर्ट. पॅनलचे अध्यक्ष नियमानेच विभागप्रमुख, आणि आमचे विभागप्रमुख आणि सर रोज दुपारी एका डब्यात जेवतात. एक सदस्य बाहेरच्या विभागाचा असतो तेवढीच आशा. गणितातलं कॅल्क्युलस आधी कुणाचं यावरून न्यूटन आणि लायब्निझचं वाजलं तेव्हा १७१२ मध्ये रॉयल सोसायटीने कमिटी बसवली, सोसायटीचा अध्यक्ष न्यूटन, कमिटीचा रिपोर्ट लिहिणारा पण न्यूटनच आणि १७१५ मध्ये त्या रिपोर्टचं निनावी परीक्षण छापून आलं तेही त्याचंच! आमचं डिपार्टमेंट त्या मानाने बरंच म्हणायचं.

आता या दुकानाला तरी एकूण साडेतीन स्टार का देतेय ते सांगते. निघताना काकांना सहज विचारलं, माझा सिनॉप्सिस तुमच्याकडेच स्पायरल केलेला, आठवतं का. काकांनी खालच्या खणातून जुनी बिलबुकं काढली, थुंकी लावून कार्बनची पानं उलटत बसले, मध्ये दोन गिऱ्हाईकं परत पाठवली, आणि सापडलं. माझं नाव, सिनॉप्सिस ३२ पानं, ३ कॉपी स्पायरल, आणि तारीख. कॉम्प्युटरमध्ये फाइल पण तशीच, त्याच तारखेची. सरांचा पेपर जर्नलकडे पोचला त्याची तारीख पेपरच्या पहिल्याच पानावर छापलेली असते, ती माझ्यानंतर सात महिन्यांनी. माझ्या तक्रारीला पहिला कागद जोडलाय तो या बिलाचा झेरॉक्स, दुसरा पीपीटी पाठवलेला मेल. चार टक्क्यांचा रिपोर्ट पिशवीतच राहिला.

जाणार असाल तर रिपोर्ट काढताना फाइल रिपॉझिटरीत (मशीनच्या कायमच्या साठ्यात) सेव्ह करू नका असं आधीच बजावा, नाहीतर पुढे तुमचीच थिसिस तुमच्याच ड्राफ्टशी जुळून लालेलाल येते. मराठी थिसिस असेल तर युनिकोडमध्येच न्या, जुन्या फाँटचं टायपिंग मशीनला नुसता कचरा दिसतो. भिंतीवर "प्लॅजरिझम काढून मिळेल, पानाला ४० रु." असा बोर्ड आहे, त्यासाठी एक स्टार कापलाय, ते शब्द फिरवून देतात आणि वाक्याचा पार भुगा होतो. दुपारी दोन ते चार बंद. जीपे चालतं, पण हाताने लिहिलेलं बिल मागून घ्या, काका आपणहून देत नाहीत.