राहत्या मावशी, पाळीच्या मावशी की सिस्टर?

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी वॉर्डातून विचारणा होते, 'घरी बघायला कोण आहे?' आणि मग ब्युरोला, म्हणजे रुग्णाची देखभाल करणाऱ्या मावशी आणि सिस्टर पुरवणाऱ्या एजन्सीला, फोन सुरू होतात. ब्युरोचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बारा तास (पाळीच्या मावशी) की चोवीस तास (राहत्या मावशी)? बहुतेक घरं याचं उत्तर पैसे आणि घरातली जागा बघून देतात. माझ्या मते ते रात्री ११ ते पहाटे ५ या सहा तासांत काय होतं ते बघून द्यावं. का, ते पुढे येईलच.

सिस्टरचा प्रश्न आधी बाजूला काढू, कारण तो त्यातल्या त्यात सोपा आहे. जीएनएम म्हणजे ३ वर्षांचं नर्सिंगचं शिक्षण घेतलेली सिस्टर, एएनएम म्हणजे २ वर्षांचं. दोघींची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नये. पूर्णवेळ सिस्टर लागते ती गळ्याला ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी पाडलेलं छिद्र) असून वरचेवर सक्शन (यंत्राने कफ ओढून काढणं) करावं लागत असेल, घरी व्हेंटिलेटर असेल किंवा शिरेतून औषधं चालू असतील तेव्हा. कॅथेटर (लघवीची नळी) बदलणं, नाकातली नळी बदलणं, जखमेचं ड्रेसिंग यांसाठी व्हिजिटवर येणारी सिस्टर पुरते. लॅटेक्सचा कॅथेटर साधारण २ ते ४ आठवड्यांनी आणि सिलिकॉनचा १२ आठवड्यांपर्यंत बदलतात. तेवढ्यासाठी रोज बारा तास सिस्टर बसवून ठेवण्यात अर्थ नाही.

नाकातल्या नळीतून, म्हणजे रायल्स ट्यूबमधून, भरवणं मावशी शिकू शकतात. अट एवढीच की पहिले दोन-तीन दिवस सिस्टरने समोर उभं राहून करून घ्यावं. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर असावी. नाकपुडीशी नळीवर केलेली खूण रोज त्याच जागी आहे ना, ते बघावं. खूण सरकलेली दिसली तर भरवायचं नाही, सिस्टरला बोलवायचं. एका वेळी २०० ते २५० मिली, सिरिंजचा दट्ट्या न दाबता, वजनाने आपोआप उतरू द्यायचं आणि शेवटी ३० मिली पाणी. त्यानंतर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. घाई होते ती इथेच. भरवून झालं की लगेच डायपर बदलायला सपाट झोपवतात, अन्न वर येऊन श्वासनलिकेत जातं आणि मग न्यूमोनिया होतो.

आता खरा प्रश्न: राहत्या मावशी की पाळीच्या?

राहत्या मावशींची बाजू मजबूत आहे, हे मोकळेपणाने मान्य करावं लागेल. दोन पाळ्यांना दोघी ठेवण्यापेक्षा खर्च बराच कमी येतो. सकाळ-संध्याकाळ ८ वाजता होणारी अदलाबदल नाही, त्यामुळे 'बीपीची गोळी दिली का' हा घोळ नाही. डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) रुग्णाला तर रोजचा तोच चेहरा, तोच आवाज हाच अर्धा आधार असतो. अनोळखी हात अंगाला लागला की ही माणसं घाबरतात आणि अंघोळीच्या वेळी मारायलाही उठतात. जेवणखाण, झोपायची जागा, महिन्याच्या सुट्ट्या हे आधी बोलून घेतलं की निभतं.

निभत नाही ती रात्र. ब्युरो 'चोवीस तास' म्हणतं तेव्हा चोवीस तास घरात हजर असणारं माणूस मिळतं, चोवीस तास जागं असणारं नव्हे. कूस बदलता न येणाऱ्या रुग्णाला दर २ तासांनी वळवावं लागतं. १०, १२, २, ४, ६ असे रात्रीचे पाच फेरे. एका फेऱ्यात डायपर बघणं, चादरीची चुणी काढणं, उशा लावणं धरून दहा मिनिटं जातात. सगळे मिळून तासाभराच्या आतच, पण त्याने झोपेचे तुकडे होतात. दुसऱ्या दिवशी अंघोळ, भरवणं, उठबस पुन्हा त्याच मावशींनी करायची. पहिला आठवडा उत्तम जातो. दहाव्या-बाराव्या दिवसापासून २ आणि ४ चे फेरे सुटायला लागतात. यात मावशींचा आळस नसतो. कोणाचंही शरीर इतकंच सोसतं आणि त्यांच्यावर चिडणं अन्यायाचं आहे.

फेरे सुटले की माकडहाडावर लाली दिसते. त्या लालीवर बोटाने दाबून सोडा. जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर वेळ आहे. पांढरी पडतच नसेल तर बेडसोअरची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली आहे. अशा जागी पावडर लावून चोळायची घराघरांतली सवय मोडावी, चोळण्याने आतली इजा वाढते. एअर बेडमुळे फेरे माफ होत नाहीत. त्यावर जाड गोधडी घातली तर त्याचा उपयोगही जातो. रुग्णाला पूर्ण कुशीवर न ठेवता पाठीमागे उशी देऊन ३० अंश कलतं ठेवावं. टाचांखाली पाणी भरलेले हातमोजे ठेवण्यापेक्षा पोटरीखाली उशी द्यावी, म्हणजे टाच अधांतरी राहते.

म्हणून माझा कल रात्रपाळीच्या मावशींकडे आहे. सोबत सकाळी दोन-तीन तासांचं, स्पंजिंग आणि उठबस करणारं माणूस, आणि बाकी दिवस घरच्यांचा. हे थोडं उलटं वाटेल, कारण दिवसा सगळे कामावर म्हणून आधी दिवसपाळीच ठरवली जाते. ज्या घरात दिवसा खरंच कोणी नसतं तिथे इलाजही नाही. पण निवृत्त जोडीदार, घरून काम करणारी लेक, अर्धा दिवस थांबणारी सून असं कोणीतरी असेल तर दिवस वाटून घेता येतो. रात्र वाटून घेता येत नाही. जागरण झालेली सून सकाळी इन्सुलिनची युनिटं मोजते, ते मला जास्त धोक्याचं वाटतं.

रात्रपाळीचा दोषही सांगायला हवा. त्याच मावशी दिवसा दुसऱ्या घरी ड्युटी करून येत असतील तर तुमच्याकडे त्या झोपणारच. पहिल्याच दिवशी सरळ विचारा, 'मावशी, दिवसा कुठे काम करता का?' होय म्हणाल्या तर दुसऱ्या मावशी मागा. त्यांना खुर्ची, मंद दिवा, थर्मासभर चहा द्या आणि पलंगाशेजारी एक वही ठेवा: वेळ, कोणती कूस, डायपर ओला की कोरडा, सकाळी ६ वाजता लघवीच्या पिशवीत किती मिली. त्यातला मिलीचा रकाना सहसा खोटा भरला जात नाही, कारण पिशवी समोरच लटकलेली असते. (पिशवी कंबरेच्या खाली असावी, जमिनीला टेकू नये आणि दोन तृतीयांश भरली की रिकामी करावी.)

रुग्ण रात्री एकदाच लघवीला उठतो आणि हात धरला की चालतो, अशी स्थिती असेल तर मात्र राहत्या मावशी घ्याव्यात, त्यात दुमत नाही. अंघोळ, कपडे, संडास, उठबस, लघवी-शौचावरचा ताबा, जेवण या सहांपैकी फक्त पहिल्या दोनलाच हात लागत असेल तर यातलं काहीच नको, सकाळचे दोन तास पुरतात.

अर्धांगाचा रुग्ण असेल तर वजन बघून मावशी की मामा (पुरुष मदतनीस) ते ठरवा. खुर्ची नेहमी चांगल्या बाजूला लावायची आणि लुळा हात धरून कधीही ओढायचं नाही, खांदा सरकतो. नव्या माणसाकडून हे पहिल्या तासात करून घ्या, कारण ब्युरोतून येणाऱ्या बहुतेकांना बेड ते खुर्ची कसं न्यायचं ते कोणी शिकवलेलं नसतं.

हा खर्च मेडिक्लेममधून येईल असं धरू नका. अंघोळ घालणं, कपडे चढवणं, हिंडवणं यांसाठी घरी ठेवलेलं माणूस, मग ते सिस्टर असो वा मावशी, पॉलिसीच्या प्रमाणित अपवादांच्या यादीत पाचव्या क्रमांकावर स्पष्टपणे वगळलेलं असतं. कर्करोगाचा शेवटचा टप्पा असेल आणि तुम्ही पुण्यात असाल तर ब्युरोच्या आधी वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटरला विचारा, तिथली सेवा मोफत आहे.

ब्युरोला फोन करण्याआधी तीन रात्री घरच्यांनी जागून रात्री ११ ते ५ मध्ये रुग्णासाठी किती वेळा उठावं लागलं ते लिहून ठेवा. शून्य किंवा एक असेल तर राहत्या मावशी. तीन किंवा जास्त असेल तर रात्रपाळी. दोन असेल तर रुग्णाला स्वतःहून कूस बदलता येते का ते बघा. येत नसेल तर मी रात्रपाळीच म्हणेन.