ओके कॉम्प्युटर की किड ए: आधी कुठला ऐकावा?

रेडिओहेड हा ब्रिटिश रॉक बँड नव्यानं ऐकायला घेणाऱ्यापुढं शेवटी दोनच अल्बम उरतात. १९९७चा 'ओके कॉम्प्युटर' आणि २०००चा 'किड ए'. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये लेथवर उभं राहून मी दोन्ही कैक वर्षं ऐकलेत. त्यामुळं माझा कौल त्या जागेचा आहे, हे आधीच सांगतो.

'ओके कॉम्प्युटर'वरून फारसं भांडण नाही. समीक्षकही खूश, ऐकणारेही. गिटार भरपूर आणि चाली दोन-तीनदा ऐकल्या की तोंडात बसतात. रविवारी वाघबीळ सोडून गाडी पन्हाळ्याच्या चढाला लागली की पाचव्या गाण्यातल्या एकमेकींत गुंतलेल्या गिटारी अजून अंगावर काटा आणतात.

खरं भांडण 'किड ए'वर झालं. अमेरिकेत तो विक्रीत थेट पहिल्या क्रमांकावर आला, पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या वेबसाइटनं दहापैकी दहा दिले. उलट ब्रिटिश कादंबरीकार निक हॉर्नबी यांनी 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात स्पष्ट नापसंती लिहिली. असं संगीत पचवायला जो धीर लागतो, तो माणूस पगारावर लागला की उरत नाही, असा त्यांचा मुद्दा. गिटारीच्या आशेनं आलेले बरेच चाहतेही तेव्हा नाराज झाले. माझा जवळचा मित्र आजही म्हणतो, "भावा, गाणं कुठं सुरू होतंय तेच कळंना." त्याचं अगदीच चुकतंय असं नाही. शीर्षकगीतात बँडचा गायक थॉम यॉर्कचा आवाज इतका मोडूनतोडून टाकलाय की शब्द हाती लागत नाहीत.

तरी माझा हात 'किड ए'कडं जातो, आणि त्याला कारण 'ओके कॉम्प्युटर'मधलं सातवं गाणं. गाणं तरी कसं म्हणायचं? जवळजवळ दोन मिनिटं मॅकिंटॉश संगणकाचा सपाट आवाज वाक्यं वाचत राहतो. घरी निवांत बसलेल्याला त्याचा अर्थ भिडेल, आणि तो आहेही. पण लेथच्या चकात धरलेला जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, फिरतोय, दोन्ही हात कूलंटनं आणि ऑइलनं माखलेत, मोबाइल खिडकीत ठेवलाय. पुढचं गाणं लावायचं तर आधी चिंधीला हात पुसायला लागतात. सहाव्या गाण्यानं लागलेली तंद्री तिथं तुटते, ती तुटतेच. दरवेळी. वर्षानुवर्षं. आधी मी हात पुसून ते पुढं ढकलायचो. मग अल्बमच बदलायला लागलो.

'किड ए'मध्ये अशी फट मला सापडलेली नाही. साधारण पन्नास मिनिटं तो एका दमात जातो आणि लेथच्या घुमण्यात मिसळतो. तिसऱ्या गाण्यात बेसचा एकच तुकडा फिरत राहतो आणि त्यावर पितळी वाद्यं चढत जातात. हलगी-घुमक्याचा ठेका धरलेला असताना चहूबाजूंनी पथकं येऊन भिडावीत, तसं वाटतं. आठव्यात १९७३च्या एका संगणक-संगीतातले सूर उचललेत, आणि ठोका असा की पाय आपोआप धरतो. हॉर्नबींचा धीराचा मुद्दा मला इथंच पटत नाही. दिवसातले आठ तास एकच काम करणाऱ्याकडं तो धीर असतो. माझ्याकडं तर तो कामानंच आला.

'रोलिंग स्टोन' मासिकाच्या सर्वोत्तम अल्बमांच्या २०२०च्या यादीत 'किड ए' विसावा आणि 'ओके कॉम्प्युटर' बेचाळिसावा आहे. त्या यादीवरून मी ठरवलेलं नाही, पण बघून बरं वाटलं.

गिटारीवर जीव असेल, प्रवासात ऐकणार असाल, तर 'ओके कॉम्प्युटर' घ्या. त्यात पस्तावण्यासारखं काही नाही. पण हाताला काम असताना, सलग ऐकायचं असेल तर मी 'किड ए' म्हणेन. फक्त पहिल्या खेपेला चौथ्या गाण्याच्या आत बंद करू नका. तिथं साधी अकूस्टिक गिटार येते आणि यॉर्कचा आवाज पहिल्यांदा मोकळा ऐकू येतो.