तासन्‌तास आटवलेला टोमॅटो सॉस: गॅसवर की ओव्हनमध्ये?

टोमॅटोत जवळजवळ ९५ टक्के पाणीच असतं. ते उडवायचं, पण तळ लागू द्यायचा नाही. खरी मेख इथेच आहे.

गॅसवर उष्णता खालून येते. सॉस पातळ असेपर्यंत काही बिघडत नाही. दाट व्हायला लागला की मात्र तो तळाशी बसतो, बुडबुडे फुटून शिंतोडे थेट भिंतीवर, आणि शेवटचा तासभर पातेल्यापासून हलायची सोय नाही. लाकडी उलथनं तळावरून ओढल्यावर क्षणभर मोकळी वाट दिसली की सॉस झाला. एकट्याने हे करणं म्हणजे शिक्षाच. पण घरातली माणसं आळीपाळीने ढवळणार असतील, तर मी डोळे झाकून गॅस निवडेन. मीठ बघत, एकमेकांच्या चुका काढत काम होतं, आणि मुलं शिकतात तीही तिथेच उभी राहून.

ओव्हनमध्ये १५० अंश सेल्सिअसला रुंद, उघडं भांडं ठेवलं की उष्णता सगळीकडून लागते. अर्ध्या तासाने ढवळलं तरी पुरतं. कडेला धरलेला गडद थर खरवडून आत मिसळा, चव तिथेच एकवटलेली असते. रंग थोडा काळपट येतो, एवढंच.

दोन्हीकडे साधं ॲल्युमिनियमचं भांडं नको, आंबटपणाने धातूची चव उतरते. बाटल्या भरून ठेवायच्या असतील तर लिंबाचा रस घालून सामू (pH, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) ४.६ च्या खाली आणा आणि बंद बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवा.