आशाताईंची बेचाळीस दिवसांची घरभेट : बाळासाठी चोख, आईसाठी अर्धी

दवाखान्यात प्रसूती झालेल्या बाळाला आणि बाळंतिणीला तपासण्यासाठी आशा स्वयंसेविका तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. प्रसूती घरीच झाली असेल, तर पहिल्या दिवसाची आणखी एक भेट त्यात धरली जाते. सरकारी कागदांत एचबीएनसी, म्हणजे नवजात बाळाची घरी जाऊन घेतलेली काळजी, या नावाने नोंदली जाणारी ही सेवा केंद्र सरकारने २०११ मध्ये देशभर लागू केली, तिच्यासाठी कुटुंबाला एक पैसाही द्यावा लागत नाही, आणि तरीही ती नेमकी काय आहे हे ठाऊक नसलेली सुशिक्षित घरे मी पुष्कळ पाहिली आहेत. आमच्या धाकट्या मुलीचे पहिले बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्या गावी झाले. त्या निमित्ताने ही सेवा पहिल्या भेटीपासून शेवटच्या भेटीपर्यंत जवळून पाहता आली. तिच्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटले, कारण तिचे गुण आणि तिची उणीव या दोन्हींमागे आपल्याच मातीतले संशोधन आहे.

प्रथम बाळाच्या तपासणीविषयी. आशाताई आल्या की आधी साबणाने हात धुतात, ते वाऱ्यावर कोरडे होऊ देतात आणि मगच बाळाला हात लावतात. हा क्रम त्यांनी एकदाही मोडला नाही. त्यांच्या पिशवीत झोळीचा वजनकाटा, डिजिटल थर्मामीटर, सेकंद दाखवणारे घड्याळ आणि बाळाला गुंडाळायचे उबदार कापड असते. काखेत ताप मोजायचा, झोळीत घालून वजन करायचे, नाळेला पू आहे का, डोळे चिकटलेत का, त्वचेवर पुवाच्या पुटकुळ्या आहेत का, अंगावर पिवळेपणा आहे का, हे पाहायचे, आणि कपडा बाजूला करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक श्वास भरले, तर ते धोक्याचे लक्षण. बाळाचे हातपाय ढिले पडणे, त्याने दूध ओढणे कमी करणे किंवा थांबवणे, रडणे क्षीण होणे, पोट फुगणे, अंग गार लागणे, छाती आत ओढली जाणे ही जंतुसंसर्गाची लक्षणे त्यांना तोंडपाठ होती आणि प्रत्येक भेटीत त्यांनी ती मुलीला पुन्हा विचारली. खासगी बालरोगतज्ज्ञाकडे पाच मिनिटांत उरकणारी तपासणी येथे बाळाच्या कलाने घेतली जाते, हा या सेवेचा मोठा गुण म्हटला पाहिजे.

ही यादी कोठून आली, हे समजून घेतल्याखेरीज तिचे मोल कळत नाही. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत स्थापन केलेल्या 'सर्च' या संस्थेने १९९३ पासून तेथील नवजात बाळांच्या मृत्यूंचा अभ्यास हाती घेतला. जेथे रुग्णालय दूर आणि डॉक्टर त्याहून दूर, अशा ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवण्यात आले आणि तुलनेसाठी ४७ गावे निवडण्यात आली. १९९९ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तिसऱ्या वर्षापर्यंत आरोग्यदूतांच्या गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी खाली आला होता. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण तर १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर उतरले. आज आशाताई जे प्रश्न विचारतात, त्यांतले बरेचसे त्या अनुभवातून गाळून आलेले आहेत. एक फरक मात्र नोंदवावा लागेल. गडचिरोलीच्या आरोग्यदूत जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला घरीच जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन देत असत. देशव्यापी कार्यक्रमात आशांना इंजेक्शन देण्याची मुभा नाही, त्यांनी लक्षण ओळखून बाळाला पुढे पाठवायचे असते. त्यामुळे जवळच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता कसा आहे आणि वाहन वेळेवर मिळते का, यावर या सेवेचा अर्धा परिणाम ठरतो, आणि तो आशाताईंच्या हातात नसतो.

घरातल्या वडीलधाऱ्यांशी वागण्याची त्यांची रीतही वाखाणण्यासारखी वाटली. माझ्या सासूबाईंनी बाळगुटीची सहाण आधीच धुऊन ठेवली होती आणि शेकशेगडीची तयारीही झाली होती. आशाताईंनी त्यांना थेट खोटे पाडले नाही. सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीही नको, हे त्यांनी ठामपणे सांगितले. बंद खोलीतला धूर बाळाच्या श्वासाला बाधतो, हे समजावले. आणि डिंकाच्या लाडवांना, अळिवाच्या खिरीला, सासूबाईंच्या मालिशीला मनापासून दाद दिली. सासूबाई थोड्या धुसफुसल्या, पण सहाण पुन्हा माळ्यावर गेली.

कारभाराची बाजू तितकी नीट नाही. आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी येते, आणि तिची गरोदरपणाची नोंद बहुधा सासरच्या गावच्या आशांकडे असते. आमच्या मुलीचे नाव इकडच्या यादीत यायला वेळ लागला, पहिली भेट ठरलेल्या दिवशी झाली नाही आणि सासरच्या गावाहून तिच्या माता-बालक संरक्षण कार्डाचा फोटो मागवल्यावर काम मार्गी लागले. यात आशाताईंचा दोष नव्हता. सव्वा महिन्यानंतर बाळंतीण सासरी परतते तेव्हा हाच घोळ उलट्या दिशेने होण्याची शक्यता असते, कारण पुढची देखरेख आता दुसऱ्या गावच्या आशांकडे गेलेली असते. ज्या राज्यात माहेरी बाळंतपण करण्याची चाल इतकी जुनी आहे, तेथे या प्रवासाची सोय नोंदवहीत असायला हवी होती. मोबदल्याविषयीही लिहिणे भाग आहे. सहाही भेटी पूर्ण झाल्यावर एका बाळामागे २५० रुपये मिळण्याची या कार्यक्रमाची तरतूद आहे, म्हणजे एका भेटीला बेचाळीस रुपयेसुद्धा धड पडत नाहीत. एवढ्या पैशांत मिळालेली ही सेवा उत्तम होती असे लिहिताना मला संकोच वाटतो.

आता ज्या कारणासाठी मी या सेवेला अर्धी म्हणते, त्याविषयी. घरभेटीच्या अर्जात बाळंतिणीचाही भाग आहे. चोवीस तासांत ती किती वेळा पोटभर जेवली, रक्तस्राव किती होतो, ताप आहे का, स्रावाला दुर्गंधी येते का, दूध येत नाही किंवा कमी येते असे तिला वाटते का, स्तनाग्रांना चिरा पडल्या आहेत का, हे सारे विचारले जाते. तिच्या मनाच्या जवळपास जाणारा प्रश्न एकच, आणि तोही असा : आई असंबद्ध बोलते का किंवा तिला झटके येतात का? ही दोन्ही गंभीर लक्षणे आहेत आणि ती विचारलीच पाहिजेत. परंतु रात्री बाळ झोपल्यावरही जिला झोप लागत नाही, जी दुपारी कारणाशिवाय रडते, बाळाला घेताना जिचे हात आखडतात आणि 'मला हे जमणारच नाही' असे जी पुन्हा पुन्हा म्हणते, ती असंबद्ध बोलत नसते आणि तिला झटकेही येत नसतात. अर्जावर तिच्यापुढे 'नाही' अशी खूण होते आणि ती ठणठणीत ठरते.

आमच्या मुलीपुढे अशीच खूण झाली. आशाताईंच्या मात्र ते लक्षात आले होते. एका भेटीत बाळाचे वजन करून झाल्यावर त्या उठल्या नाहीत, मला चहा करायला आत पाठवले आणि तिच्याशी बराच वेळ बोलत बसल्या. त्या बोलण्याची नोंद कोणत्याही रकान्यात झाली नाही, कारण तसा रकानाच नाही.

हे एखाद्या हळव्या मुलीचे प्रकरण नव्हे, याचा पुरावा शेजारच्या गोव्यात दोन दशकांहून अधिक काळ उपलब्ध आहे. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी म्हापशाच्या सरकारी रुग्णालयात आलेल्या गरोदर स्त्रियांचा मागोवा घेऊन २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या २३ टक्के स्त्रियांमध्ये नैराश्य आढळले. आर्थिक ओढाताण आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध ही कारणे अपेक्षितच होती, पण मुलगा हवा असताना मुलगी झाली तर धोका वाढतो, हेही त्यात स्पष्ट झाले. त्याच गटाच्या पुढच्या अभ्यासात, नैराश्य असलेल्या मातांची बाळे सहाव्या महिन्यात वजनाने मागे पडलेली असण्याचे प्रमाण इतर बाळांच्या दुपटीहून अधिक होते. जे वजन मोजण्यासाठी आशाताई झोळी आणि काटा घेऊन दारोदार फिरतात, ते वजन आईच्या मनाशीही बांधलेले आहे, आणि नेमका तोच धागा अर्जातून सुटला आहे. बेचाळिसावा दिवस म्हणजे बरोबर सहा आठवडे. गोव्यातल्या संशोधकांनी जेव्हा प्रश्न विचारायला सुरुवात केली, तेव्हा आपली आशाताई शेवटची सही घेऊन निघते. २०१८ पासून तिसऱ्या महिन्यापासूनच्या पुढच्या भेटींची योजना आली आहे, पण मधला काळ मोकळाच राहतो.

डॉक्टर नाहीत, मानसोपचारतज्ज्ञ तर जिल्ह्याच्या ठिकाणीही मोजके, मग विचारून करायचे काय, हा आक्षेप मी एका आरोग्य कर्मचाऱ्याच्या तोंडून ऐकला आहे. गडचिरोलीत नवजात बाळांच्या न्यूमोनियाबद्दलही हेच म्हणता आले असते. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत आरोग्यसेविकांनी घरभेटींतच नैराश्यग्रस्त मातांशी ठरावीक पद्धतीने संवाद साधला, तेव्हा सहा महिन्यांनी नैराश्य टिकून राहिलेल्यांचे प्रमाण २३ टक्के होते, तर तुलनेच्या गटात ते ५३ टक्के होते. हे निष्कर्ष २००८ चे आहेत. गोव्यात हीच पद्धत 'सखी' म्हणवल्या गेलेल्या स्थानिक स्त्रियांमार्फत २८० गरोदर स्त्रियांवर पारखली गेली आणि २०१९ मध्ये तिचे निकाल आले. नैराश्यातून बाहेर आलेल्यांचे प्रमाण तेथेही अधिक होते, मात्र परिणाम रावळपिंडीइतका ठळक नव्हता. म्हणजे ही जादूची कांडी नव्हे. तरीही गावातलीच, शिकवलेली बाई हे काम करू शकते, एवढे या प्रयोगांवरून नक्की म्हणता येते. आशांवर आणखी एक काम लादून तेही फुकटात करून घ्यावे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. नवा रकाना आला तर त्याबरोबर प्रशिक्षण, मोबदला आणि पुढे पाठवण्याची जागा ही तिन्ही आली पाहिजेत.

तोवर या सेवेचा लाभ घेणाऱ्या घरांनी आपल्यापुरत्या काही गोष्टी कराव्यात. मुलगी माहेरी यायच्या आधीच माहेरच्या आशाताईंना कळवावे आणि माता-बालक संरक्षण कार्ड तिच्या सामानात आठवणीने घालावे. प्रत्येक भेटीत वजनाचा आकडा कार्डावर लिहून घ्यावा. आशाताई आल्या की थोडा वेळ तरी बाळंतिणीला त्यांच्याजवळ एकटे सोडावे, आणि सासू, आई, नणंद यांपैकी कोणीही दारात उभे राहू नये. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर अर्जात प्रश्न नसला तरी आपण तो बोलून दाखवावा, आणि १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा विनामूल्य क्रमांक घरात सर्वांना दिसेल असा लावून ठेवावा. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार तिच्या बोलण्यात आले, किंवा ती भलतेच काही बोलू लागली, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी तिला रुग्णालयात न्यावे.

बाळाच्या तपासणीला मी पाचपैकी पाच गुण देईन, नोंदणीच्या कारभाराला तीन, आणि आईच्या मनाच्या बाबतीत अर्जाला एक. आशाताईंना वेगळे गुण देण्याचा मला अधिकार नाही. त्यांचे मानधन मात्र वेळेवर जमा होते का, हे आमच्या ग्रामसभेत विचारायचे मी ठरवले आहे.