सुटकेस टर्नटेबल : पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत वापरल्यावर

जगभरची जुनी, कुणी फारशी न ऐकलेली गाणी कॉम्प्युटरवर उतरवून मित्रांना पाठवायची, एवढ्यासाठीच हे यूएसबीवालं टर्नटेबल, म्हणजे तबकड्या वाजवायचं यंत्र, घेतलं. किंमत सहा-सात हजारांच्या घरात. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तोच टोनआर्म (सुईचा दांडा), तीच मोटर आणि तीच लाल सुई घालून हे यंत्र चार-पाच नावांनी विकलं जातं. सरळ सांगतो, 33 आणि 45 च्या, म्हणजे मिनिटाला साधारण तेवढे फेरे घेणाऱ्या, व्हिनाइलच्या (प्लास्टिकच्या) तबकड्यांना चालून जातं. 78 च्या लाखेच्या तबकडीला जसं येतं तसं लावू नका. पंचाईत अशी की दुर्मीळ माल नेमका 78 मध्येच असतो.

गोम सुईत आहे. 78 ची खाच रुंद असते, तिला साधारण 3 मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) टोक लागतं. सोबत येते ती 0.7 मिलची, एलपीसाठीची, म्हणजे 33 च्या मोठ्या तबकडीसाठीची. ती खाचेच्या तळाला घासत जाते आणि गाण्यापेक्षा तिथली घाणच जास्त ऐकवते. जाड सुई वेगळी मागवली, तेव्हा कुठे आवाज पुढे आला. वजनाचंही तेच. या सिरॅमिक कार्ट्रिजचा (सुई बसते त्या डबीचा) तबकडीवरचा भार पाच-सहा ग्रॅम, चांगल्या मॅग्नेटिकचा दोनच्या आसपास. म्हणून चांगली एलपी मी यावर एकदाच लावतो, रेकॉर्ड करतो आणि ठेवून देतो.

मिरजेत बोटीवरून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांच्या घरून तबकड्यांचं खोकं मिळालं होतं. मोंबासाच्या स्वाहिली 45, लेबनॉनची गायिका फैरूझची एक एलपी, थोडं ग्रीक आणि तळाशी काही 78. त्यातल्या दोन 2019 च्या पुरात भिजलेल्या. कव्हरं गेलेली, लेबलं सुटलेली, खाचांत कृष्णेचा गाळ घट्ट बसलेला. धुताना एक पथ्य पाळा : स्पिरिट किंवा सॅनिटायझर लाखेला लावू नका, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. डिस्टिल्ड पाणी, लिक्विड सोपचा एखादा थेंब आणि मऊ ब्रश, बस. लेबल गेलं तरी त्याच्या कडेच्या मोकळ्या पट्टीत कोरलेला मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा कंपनीने दिलेला क्रमांक, राहतो. मोबाइलची टॉर्च आडवी धरली की तो वाचता येतो आणि त्यावरून शोध घेता येतो. एकीचा पत्ता असा लागला, दुसरीची भाषासुद्धा अजून आमच्यापैकी कुणाला ओळखता आलेली नाही.

वेगाची भानगड मिरजेच्या एका तंबोरेवाल्या चाचांनी पकडली. खोक्यातलं एक अरबी गाणं ऐकवलं तर म्हणाले, "अहो, माणसाचा गळा असा किरटा असतोय व्हय? तुमचं यंत्र पळतंय." स्ट्रोब चकती (वेग तपासायची रेघांची कागदी चकती) छापून जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली फिरवली. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर 77 रेघांचं वर्तुळ स्थिर दिसलं की वेग 77.92, म्हणजे बरोबर. माझं वर्तुळ पुढे सरकत होतं. माझ्या मोटरला खालच्या छिद्रात बारीक स्क्रू आहे, तो जरासा फिरवून काम झालं. पण सुरुवातीच्या काळातल्या कित्येक तबकड्या मुळातच 78 वर भरलेल्या नाहीत. तिथे ऑडॅसिटी या कॉम्प्युटरवरच्या आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये वेग बदलून चाचांना ऐकवतो, ते मान डोलावेपर्यंत.

आतले स्पीकर पत्र्याच्या डब्यासारखे वाजतात आणि त्यांच्या थरथरीने सुई उडते. मागच्या आरसीए पिनांतून बाहेरचे स्पीकर जोडा आणि यंत्र शहाबादी फरशीच्या तुकड्यावर ठेवा. बारा इंची तबकडी लावली की झाकण मिटत नाही, म्हणजे सांगलीची धूळ फुकट.

पाठवण्याचं म्हणाल तर व्हॉट्सॲपवर फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा आणि नावात देश, साल, कंपनी लिहा. नुसतं "जुने गाणे 7" कोण उघडतो? आमच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त चर्चा झाली ती पुण्याच्या मित्राने टाकलेल्या सिती बिंती सादची. ही पूर्व आफ्रिकेतल्या झांझिबार बेटाची तारब (तिथला स्वाहिली गाण्याचा प्रकार) गायिका 1928 मध्ये आपल्या मुंबईत येऊन एचएमव्हीसाठी स्वाहिलीत गाऊन गेली. बालगंधर्व आणि अब्दुल करीम खाँ गात होते, तोच हा काळ. आमच्यात जुन्या गाण्यांचे एवढे दर्दी, पण हे नाव कुणाच्या कानावर नव्हतं. त्याच उत्साहात इथिओपियाची गाणीही फिरली. तिथे रेकॉर्ड काढण्याची सरकारी मक्तेदारी होती, ती न जुमानता अम्हा एशेते नावाच्या तरुणाने 1969 मध्ये स्वतःची कंपनी काढली. त्या गाण्यांतल्या पितळी वाद्यांवर आमच्यातले नाट्यसंगीतवाले आधी नाकं मुरडत होते, आता तेच फर्माइश करतात.

दिवाळीनंतर तबकडी फिरवणारा बेल्ट सैल पडला आणि सूर लडखडायला लागले. ऑनलाइन विक्रेत्याने मेलला उत्तरच दिलं नाही. शेवटी मिरजेतल्या टेपरेकॉर्डर दुरुस्तीवाल्याने मापाचा बेल्ट शोधून दिला, तोही चहाच्या पैशात. नवीन घेणार असाल तर जाड सुई आणि एक जादा बेल्ट यंत्राबरोबरच मागवा.